सीमेवरचे मैदान

(इंग्लंडमध्ये फुटबॉलचे जगप्रसिद्ध व्यावसायिक क्लब आहेत, तसेच गावोगावी लहान लहान क्लबही आहेत. लहान क्लबांना पैशांची चणचण नेहमीच भासते. हंगाम सुरू होण्यापूर्वी मोठे क्लब त्यांच्या मैदानावर येऊन मैत्रीपूर्ण सामने खेळतात. या पाठात चेस्टर शहरातील क्लबची हकिकत आणि अशा सामन्यांची माहिती दिली आहे.)

तारीख ७ जुलै २०१८, शनिवार. त्या दिवशी रशियात विश्वचषक फुटबॉल स्पर्धेचा उपान्त्यपूर्व सामना होता. इंग्लंडची गाठ स्वीडनशी होती. इंग्लंडमध्ये घरोघरी लोक टीव्हीसमोर बसले होते. अशा दिवशी दुसरा सामना पाहायला कोण जाईल? परंतु चेस्टर शहरातले हजारो लोक त्याच दिवशी आपल्या छोट्या मैदानावर जमले. कारण तेथे लिव्हरपूलचा संघ खेळायला आला होता.

लिव्हरपूल हा केवढा मोठा क्लब! बरोबर सहा आठवड्यांपूर्वी, २६ मे रोजी, हा संघ युरोपातील चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना कीव्ह शहरात रेआल माद्रिदविरुद्ध खेळला होता. तो सामना लिव्हरपूलने ३-१ असा गमावला. आणि आता हाच संघ चेस्टरच्या मैदानावर उतरला होता. या मैदानात जेमतेम सहा हजार प्रेक्षक मावतात. चेस्टरचा क्लब त्या वेळी इंग्लंडच्या फुटबॉलमधील सहाव्या पायरीवर होता. शिवाय सहा महिन्यांपूर्वीच तो बंद पडण्याची वेळ आली होती.

ही पायरी म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ. इंग्लंडमधील फुटबॉलची रचना जिन्यासारखी आहे. सर्वांत वरच्या पायरीवर प्रीमियर लीगचे २० क्लब असतात. त्याखालच्या तीन पायऱ्यांवर मिळून ७२ क्लब असतात. असे हे ९२ क्लब झाले. त्यांच्या खाली जे शेकडो क्लब आहेत, त्यांना 'नॉन-लीग' म्हणजे 'लीगबाहेरचे' क्लब म्हणतात. हे नाव थोडे फसवे आहे. या क्लबांच्याही स्वतःच्या लीग स्पर्धा असतात. त्यांच्यातही वर चढणे आणि खाली उतरणे चालते. १९८७ सालापासून तर लीगबाहेरच्या सर्वांत वरच्या स्पर्धेतील विजेत्या क्लबाला त्या ९२ क्लबांमध्ये थेट प्रवेश मिळण्याची वाटही खुली झाली. पण खालच्या पायऱ्यांवर दूरदर्शनचे मोठे पैसे पोहोचत नाहीत. तेथील अनेक खेळाडू आठवडाभर दुसरी नोकरी करतात आणि संध्याकाळी सरावाला येतात. क्लबचा कारभार चालतो तो मुख्यतः दाराशी विकल्या जाणाऱ्या तिकिटांवर.

आता हिशेब पाहा. इंग्लंडमधील हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होतो आणि वसंत ऋतूच्या अखेरीस संपतो. मे, जून आणि जुलै या महिन्यांत मैदानावर लीगचा एकही सामना नसतो. सामना नाही, म्हणून तिकीटविक्री नाही. चहा, खाद्यपदार्थ आणि माहितीपत्रके यांची विक्रीही नाही. खर्च मात्र थांबत नाही. विजेचे बिल येते. मैदानावर नवे गवत पेरावे लागते, त्याला पाणी घालावे लागते. कामगारांना पगार द्यावा लागतो. नव्या हंगामासाठी खेळाडूंशी करार करायचे असतात. एखाद्या दुकानदाराने तीन महिने दुकान बंद ठेवले, पण भाडे आणि नोकरांचा पगार चालूच राहिला, तर त्याचे काय होईल? लहान क्लबची अवस्था दर उन्हाळ्यात तशीच होते.

(मैदान, हंगाम, हिशेब, खर्च, जमा, कर्ज, वसूल हे सारे शब्द तुमच्या ओळखीचेच आहेत. मराठीत जमाखर्चाची भाषा बोलू लागलो की निम्मे शब्द फारसी-अरबीतून आलेले निघतात. फक्त 'हंगाम' या शब्दाकडे लक्ष द्या. मराठीत त्याचा अर्थ मोसम असा होतो. त्याचा 'हंगामा' करू नका!)

याच कोरड्या महिन्यांत मैत्रीपूर्ण सामने होतात. मैत्रीपूर्ण सामना म्हणजे दोस्ताना मुकाबला. त्याचे गुण कोणत्याही तक्त्यात धरले जात नाहीत. जिंकले तरी चषक नाही, हरले तरी नुकसान नाही. मोठ्या क्लबचे खेळाडू सुटीवरून परतलेले असतात. त्यांचे अंग जड झालेले असते. प्रशिक्षकाला त्यांचा दम वाढवायचा असतो, नवे खेळाडू पारखायचे असतात. केवळ सरावाने हे होत नाही, त्यासाठी खरा सामना हवा. म्हणून प्रशिक्षक अशा सामन्यांत पुष्कळ खेळाडू बदलतात. कधी कधी मध्यंतरानंतर अकराच्या अकरा खेळाडू नवे असतात. मोठ्या संघाला सराव मिळतो आणि यजमान क्लबला एका दिवसात भरलेले मैदान मिळते. जो क्लब एरवी काही शे तिकिटे विकतो, त्याच्या खिडकीसमोर त्या दिवशी रांग लागते. मोठ्या क्लबाने आपला वाटा मागितला नाही किंवा थोडाच मागितला, तर ही रक्कम उन्हाळ्याचा खर्च भागवायला फार उपयोगी पडते.

पुन्हा चेस्टरकडे वळू. डी नदीच्या काठी वसलेले हे शहर फार जुने आहे. येथे रोमन लोकांचे लष्करी ठाणे होते. त्याचे नाव 'देवा'. त्यावरूनच येथील फुटबॉलच्या मैदानाला 'देवा स्टेडियम' हे नाव पडले. या मैदानाची एक गंमत आहे. ते इंग्लंड आणि वेल्स यांच्या सीमेवर आहे. क्लबचे कार्यालय आणि मुख्य प्रवेशद्वार इंग्लंडमध्ये, तर खेळण्याची हिरवळ वेल्समध्ये! प्रेक्षक इंग्लंडमध्ये आत शिरतो आणि गोल वेल्समध्ये पाहतो. या गमतीने पुढे क्लबला बराच ताप दिला. ते नंतर येईलच.

चेस्टरचा जुना क्लब १८८५ साली स्थापन झाला. १९३१ साली त्याला फुटबॉल लीगमध्ये प्रवेश मिळाला. तेथे त्याने अनेक वर्षे काढली. फार मोठे यश त्याच्या वाट्याला आले नाही. पण त्याने एक हिरा दिला. १९७९ साली इयान रश नावाचा एक सडपातळ मुलगा चेस्टरकडून खेळू लागला. पुढच्याच वर्षी लिव्हरपूलने त्याला ३ लाख पौंड देऊन विकत घेतले. विशीच्या आतल्या खेळाडूसाठी एवढी किंमत ब्रिटनमध्ये तोपर्यंत कोणी मोजली नव्हती. रशने लिव्हरपूलसाठी एकूण ३४६ गोल केले. हा त्या क्लबचा विक्रम आहे. तेव्हा लिव्हरपूल आणि चेस्टर यांचे नाते केवळ शेजारचे नव्हते. मोठ्या क्लबांच्या अंगणातली झाडे पुष्कळदा लहान क्लबांच्या वाफ्यांत वाढलेली असतात.

१९९० साली चेस्टरचे जुने मैदान विकले गेले आणि क्लब बेघर झाला. नवे स्टेडियम १९९२ साली तयार झाले. मधली दोन वर्षे चेस्टरने आपले 'घरचे' सामने दुसऱ्याच गावात, मॅकल्सफील्ड येथे, खेळले. तेव्हा मॅकल्सफील्डचा क्लब लीगबाहेरचा होता आणि चेस्टर लीगमधला. म्हणजे येथे लहानाने मोठ्याला आसरा दिला. मदतीची वाट नेहमी वरून खालीच येते, असे नाही.

त्यानंतर चेस्टरची घसरण सुरू झाली. कारभार बिघडला, कर्ज वाढले. २००९ साली क्लब लीगमधून बाहेर पडला. पुढचा हंगाम सुरू होतानाच त्याचे २५ गुण कापले गेले होते. खेळाडूंचे पगार थकले. फेब्रुवारी २०१० मध्ये ठरलेला सामना खेळायला संघ गेलाच नाही. त्याच महिन्यात क्लबला स्पर्धेतून काढून टाकण्यात आले. मार्चमध्ये न्यायालयाने क्लब गुंडाळण्याचा हुकूम दिला. १२५ वर्षांची संस्था संपली.

शनिवारी दुपारी कोठे जायचे, हा प्रश्न त्या दिवशी चेस्टरच्या हजारो लोकांना पडला असेल. बाप मुलाला ज्या मैदानावर घेऊन जात असे, त्या मैदानाला कुलूप लागले. काही लोक म्हणाले असतील, "जवळच लिव्हरपूल आहे, मँचेस्टर आहे. तेथे जा." पण आपल्या गल्लीतला संघ बंद पडला म्हणून कोणी दुसऱ्या शहराच्या संघाला आपला मानत नाही. चाहत्यांनी रडत बसण्याऐवजी संघटना उभी केली आणि २०१० सालीच नवा क्लब स्थापन केला. हा क्लब कोणा एका श्रीमंताच्या मालकीचा नाही. जो वर्गणी भरतो तो सभासद, आणि प्रत्येक सभासदाला एक मत. नव्या क्लबाला अर्थातच खालच्या पायरीवरून सुरुवात करावी लागली. परंतु २०११, २०१२ आणि २०१३ अशी लागोपाठ तीन वर्षे त्याने आपापल्या स्पर्धा जिंकल्या आणि तो तीन पायऱ्या वर चढला.

इथे गोष्ट संपली असती, तर फार गोड झाली असती. पण चाहत्यांचा क्लब असला, तरी जमाखर्च कोणाला चुकत नाही. वर चढल्यावर खर्च वाढला. चांगले खेळाडू हवेत, त्यांना पगार हवा. उत्पन्न मात्र तेवढे वाढले नाही. जानेवारी २०१८ मध्ये संचालकांनी सभासदांना सांगितले की, ५० हजार पौंड तातडीने उभे केले नाहीत, तर क्लब चालवता येणार नाही. आठच वर्षांपूर्वी ज्यांनी एक क्लब मरताना पाहिला होता, त्यांच्या कानांवर हे शब्द पुन्हा पडले. लोकांनी देणग्या दिल्या, निधी गोळा केला. रक्कम उभी राहिली. क्लब वाचला, पण मैदानावर संघ हरत राहिला आणि हंगामाच्या शेवटी एक पायरी खाली उतरला.

अशा उन्हाळ्यात लिव्हरपूलने आपल्या नव्या हंगामाची तयारी चेस्टरमधून सुरू केली. प्रशिक्षक युर्गन क्लॉप स्वतः संघ घेऊन आले. इंग्लंडच्या विश्वचषक संघात असलेले खेळाडू अर्थात नव्हते; ते रशियात होते. पण जेम्स मिल्नर होता, डॅनियल स्टरिज होता. गिनी देशाचा नाबी केइता आणि ब्राझीलचा फाबिन्यो हे दोघे नुकतेच लिव्हरपूलमध्ये आले होते. मोठी किंमत देऊन आणलेले हे खेळाडू लिव्हरपूलच्या लाल पोशाखात कसे दिसतात, हे जगाने प्रथम पाहिले ते चेस्टरच्या मैदानावर.

सामना लिव्हरपूलने ७-० असा जिंकला. सात गोल खाल्ल्याचे दुःख चेस्टरला कितपत झाले असेल? खेळाडूला हरणे कधीच आवडत नाही. तरीही मला वाटते, त्या दिवशी चेस्टरच्या चाहत्यांनी गोल मोजण्यापेक्षा भरलेल्या बाकांकडे अधिक पाहिले असेल.

असे सामने इंग्लंडमध्ये ठिकठिकाणी होतात. लंडनच्या उत्तरेकडील बार्नेट या क्लबचे अंडरहिल नावाचे जुने मैदान होते. १९०७ पासून २०१३ पर्यंत बार्नेटचा संघ तेथे खेळला. आर्सेनलसारखा बलाढ्य संघ उन्हाळ्यात अनेक वर्षे या मैदानावर येत असे. बार्नेट कधी लीगमध्ये असे, कधी लीगबाहेर. पण आर्सेनलची ही भेट चालू राहिली. लिव्हरपूल शहरासमोर मर्सी नदीच्या पलीकडे ट्रॅनमिअर रोव्हर्स हा क्लब आहे. २०१५ ते २०१८ या काळात तोही लीगबाहेर फेकला गेला होता. २०१६, २०१७ आणि २०१८ या तिन्ही उन्हाळ्यांत लिव्हरपूलचा संघ नदी ओलांडून त्याच्याकडे खेळायला गेला.

मात्र या प्रथेची दुसरी बाजूही सांगायला हवी. मोठ्या क्लबांना हल्ली अमेरिका, आशिया आणि ऑस्ट्रेलियाचे दौरे अधिक फायद्याचे वाटतात. तेथे भव्य स्टेडियम असतात, जाहिरातदार असतात. मग लहान क्लबच्या वाट्याला कित्येकदा पोरसवदा खेळाडूंचा संघ येतो. जाहिरातीत मोठ्या क्लबचे नाव ठळक असते आणि त्यापुढे बारीक अक्षरांत 'इलेव्हन' एवढेच छापलेले असते. अनुभवी प्रेक्षक तो शब्द वाचतो आणि काय ते समजतो. पण एखादा लहान मुलगा आवडत्या खेळाडूची सही घ्यायला वही घेऊन येतो आणि मैदानावर अनोळखी चेहरे पाहतो. याला मदत म्हणावे का? पैसे मिळतात, हे खरे. पण कोण येणार आहे, ते आधीच स्पष्ट सांगावे. तरुण खेळाडूंचा संघ पाठवण्यात काही गैर नाही, लपवण्यात आहे.

शिवाय यजमानालाही खर्च असतोच. गर्दी मोठी, म्हणून बंदोबस्त मोठा. ऐन वेळी पाऊस आला आणि सामना रद्द झाला, तर सारे मुसळ केरात.

काही क्लबांचे नशीब स्पर्धेतच उघडते. एक्सेटर सिटी हा क्लब २००३ साली लीगमधून बाहेर पडला. तो कर्जात बुडाला होता. त्याचा कारभारही चाहत्यांच्या संस्थेने हाती घेतला. एफ. ए. कप स्पर्धेच्या सोडतीत त्याची गाठ मँचेस्टर युनायटेडशी पडली. ८ जानेवारी २००५ रोजी ६७ हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर लीगबाहेरच्या या संघाने युनायटेडला गोल करू दिला नाही. सामना ०-० असा बरोबरीत सुटला. त्यामुळे तो एक्सेटरच्या मैदानावर पुन्हा खेळावा लागला. त्यात युनायटेडने २-० असा विजय मिळवला. पण दोन्ही सामन्यांच्या उत्पन्नातला वाटा एक्सेटरला मिळाला आणि कर्ज फेडायला मोठा हातभार लागला. २००८ साली एक्सेटर लीगमध्ये परतला. असे भाग्य सोडतीवर अवलंबून असते. चिठ्ठी निघाली तर निघाली! मैत्रीपूर्ण सामन्याला सोडत लागत नाही, मोठ्या क्लबच्या मनात आले की पुरते.

आता सीमेची गोष्ट. डिसेंबर २०२१ च्या अखेरीस करोनाच्या साथीमुळे वेल्सच्या सरकारने खेळांच्या मैदानांवर प्रेक्षकांना बंदी केली. इंग्लंडमध्ये तशी बंदी नव्हती. चेस्टरने नेहमीप्रमाणे आपले दोन सामने भरवले. प्रत्येक सामन्याला दोन हजारांहून अधिक लोक आले. मग वेल्समधील पोलीस आणि स्थानिक प्रशासन यांनी क्लबला कळवले, की तुम्ही वेल्सचा नियम मोडला आहे. क्लब म्हणाला, आम्ही इंग्लंडचा क्लब, इंग्लंडच्या स्पर्धेत खेळतो, आमचे दारही इंग्लंडमध्ये आहे! पण हिरवळ वेल्समध्ये होती. निर्बंध उठेपर्यंत मैदानावर प्रेक्षक बोलावता येणार नव्हते, आणि प्रेक्षक नाहीत म्हणजे उत्पन्न नाही. त्यासाठी या वेळी उन्हाळा यावा लागला नाही, ऐन हिवाळ्यातच क्लबला कोरडे दिवस आले. २१ जानेवारी २०२२ रोजी वेल्सने मैदानांवरील निर्बंध उठवले. त्यानंतर चेस्टरच्या लोकांना इंग्लंडमधून आत शिरून वेल्समधला सामना पुन्हा पाहता येऊ लागला.

शब्दार्थ
उपान्त्यपूर्व सामना – उपान्त्य फेरीच्या आधीचा सामना, क्वार्टर फायनल. यजमान – ज्याच्या घरी पाहुणा येतो तो, मेजबान. चणचण – टंचाई, तंगी. पोरसवदा – अगदी तरुण. सोडत – चिठ्ठ्या टाकून केलेली निवड. निर्बंध – बंधन, मनाई. मुसळ केरात जाणे – केलेले कष्ट वाया जाणे.

स्वाध्याय

प्र. १. प्रत्येकी एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) चेस्टरच्या मैदानाला 'देवा स्टेडियम' हे नाव का पडले?
(आ) इयान रशने लिव्हरपूलसाठी एकूण किती गोल केले?
(इ) १९९० ते १९९२ या काळात चेस्टरचा संघ घरचे सामने कोठे खेळला?

प्र. २. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) मे ते जुलै या महिन्यांत लहान क्लबांना पैशांची अडचण का भासते?
(आ) मैत्रीपूर्ण सामन्यातून मोठ्या आणि लहान क्लबांना काय काय मिळते?
(इ) 'इलेव्हन' हा शब्द जाहिरातीत बारीक अक्षरांत छापण्याबद्दल लेखकाचे काय मत आहे? तुम्हांला ते पटते का?

प्र. ३. पुढील वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.
हातभार लागणे, मुसळ केरात जाणे, वाट्याला येणे.

प्र. ४. पाठातील असे पाच शब्द शोधा, जे उर्दूतही वापरले जातात. त्यांचा मराठीतील आणि उर्दूतील अर्थ सारखाच आहे का, ते लिहा.

उपक्रम : तुमच्या शाळेने शेजारच्या शाळेशी मैत्रीपूर्ण सामना ठरवला आहे, अशी कल्पना करा. त्यासाठी लागणाऱ्या खर्चाची यादी करा आणि पाहुण्या शाळेच्या मुख्याध्यापकांना निमंत्रणाचे पत्र लिहा.